तीन गुणांचे स्वमत

मुंबईच्या उपनगरांत चौदा ते अठरा या वयोगटातील व्यक्तीला शासकीय कागदपत्रांत 'विद्यार्थी', घरात 'दहावी' आणि सोसायटीच्या वार्षिक सभेत 'ही आजकालची मुलं' असे संबोधले जाते, आणि या तिन्ही ठिकाणी तिचे स्वतःचे मत विचारण्याची पद्धत नाही. ही व्यक्ती रोजच्या आयुष्याकडे कशी पाहते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. ती आयुष्याकडे पाहतच नाही, केवळ मोबाईलकडे पाहते, असा एक प्रबळ मतप्रवाह पालकवर्गात आढळतो. परंतु हे मत मांडणारे पालकही ते बहुधा मोबाईलमध्ये पाहतच मांडत असल्यामुळे त्याची पडताळणी अद्याप झालेली नाही.

अभ्यासाचे क्षेत्र प्रथम निश्चित केले पाहिजे. मुंबई उपनगर जिल्हा १ ऑक्टोबर १९९० रोजी स्वतंत्र झाला, त्याचे मुख्यालय वांद्र्याला आहे आणि अंधेरी, बोरिवली व कुर्ला असे त्याचे तीन तालुके आहेत, हे ज्ञान येथील विद्यार्थ्याला भूगोलाच्या तासाला होत नाही; ते दाखल्याचा अर्ज भरताना सेतू केंद्राच्या खिडकीवर होते. मे महिन्यात गावी गेल्यावर 'तुमचा तालुका कोणता रे?' असे चुलतभावाला हसत हसत विचारणारा मुलुंडचा मुलगा अर्जातील तालुक्याचा रकाना कोरा ठेवतो, खिडकीपलीकडच्या बाई मान वर न करता 'कुर्ला लिही' म्हणतात, आणि जन्मापासून आपण एका तालुक्यात राहत होतो या वार्तेने तो काही काळ अंतर्मुख होतो. घाटकोपरच्या मुलीचीही तीच गत असते. बोरिवली आणि अंधेरीच्या मुलांना निदान आपल्याच नावाचा तालुका असल्याचे समाधान लाभते.

वयाची मर्यादाही स्पष्ट करावयास हवी. महाराष्ट्राने दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध स्वीकारल्यानंतर १९७५ साली दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली. त्यापूर्वी मॅट्रिक अकरावीला होत असे. केंद्रीय मंडळाच्या शाळांत अकरावी-बारावीची मुले त्याच इमारतीत, त्याच गणवेशात आणि त्याच मुख्याध्यापकांच्या नजरेखाली राहतात. राज्य मंडळाच्या बहुसंख्य विद्यार्थ्यांचा हा काळ मात्र मधोमध तोडला गेला असून त्यातील उत्तरार्धाला 'कनिष्ठ महाविद्यालय' असे नाव आहे. परिणामी, फेब्रुवारीत 'नखे वाढलेली आहेत' असा शेरा कॅलेंडरमध्ये घेऊन घरी येणारा मुलगा (मुंबईच्या शाळांत विद्यार्थ्याच्या छापील वहीला कॅलेंडर म्हणतात आणि तिच्यात तारखांपेक्षा शेरे अधिक असतात) पावसाळा संपता संपता, खांद्यावर एकाच पट्ट्याने बॅग लटकवून, 'लेक्चर ऑफ होतं' असे सांगत दुपारी बारा वाजता परत येऊ लागतो. पाठ्यपुस्तकांच्या नावांवर विश्वास ठेवायचा तर दहावीपर्यंत 'कुमारभारती' वाचणारा हा कुमार अकरावीत 'युवकभारती' हाती पडताच युवक होतो. मधल्या काळात त्याने केलेला एकमेव पुरुषार्थ म्हणजे प्रवेशाचा ऑनलाइन अर्ज, आणि तोही बहुधा ताईने भरलेला असतो.

मराठी साहित्यानेही या विभागणीची बूज राखली आहे. मिलिंद बोकील यांच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या 'शाळा' या कादंबरीतील प्रेम नववीत घडते, आणि ते तेथे घडणेच शास्त्रशुद्ध होते. उपनगरातील दहावीच्या वर्षात ते घडवायचे म्हटले असते तर शाळा, क्लास आणि रविवारची चाचणी यांमधून नायक-नायिकेला एकत्र गाठण्यासाठी लेखकाला दोघांचेही वेळापत्रक आधी मागवावे लागले असते.

'आमच्याकडे यंदा दहावी आहे' हे वाक्य या भागातील मराठी घरांत ज्या स्वरात उच्चारले जाते, त्या स्वरात पूर्वी फक्त 'आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती असतो' एवढेच उच्चारले जाई. पाहुण्यांना यंदा येऊ नका म्हणून कळवले जाते, टीव्हीचे रिचार्ज थांबवले जाते, आई आपली रजा फेब्रुवारी-मार्चसाठी साठवून ठेवते, धाकट्या भावंडाला हॉलमधून पावले न वाजवता जाण्याचे शिक्षण मिळते आणि आजोबांची संध्याकाळची मालिका हेडफोनवर जाते. या सर्व व्यवस्थेत ज्याची दहावी असते त्याला स्वतःला करण्यासारखे फारसे काही उरत नाही. त्याने फक्त बसायचे असते. वन रूम किचनमध्ये बसण्याची जागा हाही एक प्रश्न असतो आणि तो सर्वांची जेवणे उरकून ओटा पुसल्यावर रात्री दहानंतर सुटतो. ज्यांचा तेथेही सुटत नाही ती मुले अभ्यासिकेत जातात. अभ्यासिका म्हणजे नगरसेवकाच्या नावाची पाटी असलेली, पंखे पूर्ण वेगाने फिरणारी आणि बोलण्यास सक्त मनाई असलेली खोली. तेथील विद्यार्थी आपले सर्व महत्त्वाचे बोलणे बाहेरच्या जिन्यावर बसून करतात, आणि त्यामुळे खोलीपेक्षा जिना नेहमी अधिक भरलेला दिसतो.

दहावीची ही सत्ता कुटुंबापुरतीच मर्यादित नाही. मुलुंड, घाटकोपर, बोरिवली येथील चाळीस-पन्नास वर्षांच्या इमारती पाडून त्या जागी टॉवर उभारण्याचे काम, ज्याला पुनर्विकास म्हणतात, सध्या जोरात आहे. विकासक भाडे देऊ करतो, वाढीव चटईक्षेत्र देऊ करतो, दोन गाड्यांची पार्किंग देऊ करतो, आणि सर्वसाधारण सभेत मागच्या खुर्चीवरून एक बाई उठून सांगतात की मुलीची दहावी झाल्याशिवाय घर खाली होणार नाही. वास्तुविशारद, वकील आणि प्रकल्प सल्लागार यांच्याजवळ या मुद्द्याला उत्तर नसते. पुढच्या वर्षी दुसऱ्या विंगमध्ये दुसरी दहावी निघते. ज्या मुलीच्या नावावर कोट्यवधींचा प्रकल्प अडलेला असतो, तिला नव्या घरात स्वतःची खोली मिळणार असल्यामुळे तो उद्याच सुरू व्हावा असे वाटत असते. परंतु सभासद नसल्याने तिला सभेत बोलता येत नाही.

या काळात विद्यार्थ्याशी केले जाणारे संभाषण नमुनादाखल येथे नोंदवणे उपयुक्त ठरेल. ते बहुधा लिफ्टमध्ये किंवा फोनवर होते.

'काय रे, अभ्यास कसा चाललाय?'

'ठीक चाललाय, काका.'

'ठीक म्हणजे? यंदा दहावी ना तुझी?'

'हो.'

'मग ठीक म्हणून कसं चालेल?'

या प्रश्नाला 'छान चाललाय' असे उत्तर दिल्यास फाजील आत्मविश्वास बरा नव्हे असे ऐकावे लागते, आणि 'गणित जमत नाही' असे खरे सांगितल्यास काका त्याच संध्याकाळी आईला फोन करतात. विद्यार्थ्यांनी दीर्घ अनुभवाने 'ठीक' या उत्तराची निवड केलेली आहे, कारण त्याची शिक्षा सर्वांत लहान असून ती तिसरा मजला येईपर्यंत संपते.

दहावी प्रत्यक्षात नववीची परीक्षा आटोपताच सुरू होते. एप्रिलमध्ये खासगी क्लासची 'व्हेकेशन बॅच' भरते, म्हणजे ज्या काळाला सुट्टी म्हणतात त्या काळात पुढच्या वर्षाचा 'पोर्शन' शिकवला जातो. पोर्शन म्हणजे अभ्यासक्रमाचा तो भाग जो शिकवून 'झालेला' असतो. तो कोणाला समजला का, हा वेगळा विषय असून त्याला 'डाउट' म्हणतात, आणि डाउट विचारण्यासाठी रविवारी सकाळचा निराळा तास ठेवलेला असतो. शाळेत जूनमध्ये तोच धडा पुन्हा लागतो तेव्हा मुलांना तो येत असतो, नोव्हेंबरमध्ये तो दोन्हीकडे उजळणीला येतो तेव्हा अर्धवट आठवत असतो, आणि प्रिलिममध्ये, म्हणजे बोर्डाच्या आधी शाळेने घेतलेल्या सराव परीक्षेत, तो प्रथमच नवा वाटतो. क्लासची जागा ठरलेली असते: खाली फरसाणचे दुकान, वर पहिल्या मजल्यावर एका बाजूला दंतवैद्य आणि दुसऱ्या बाजूला क्लास. त्रिकोणमितीच्या तासाला खालून गाठियाचा वास आणि शेजारून ड्रिलचा आवाज येत असतो. साइन आणि कोसाइनची कोष्टके या भागातील अनेकांच्या मनात कायमची अशी तळलेल्या अवस्थेत राहतात.

जूनमध्ये स्टेशनबाहेरच्या फ्लेक्सवर क्लासचे यशस्वी विद्यार्थी झळकतात. या फ्लेक्सचा अभ्यास कोणीतरी स्वतंत्रपणे करावयास हवा. छायाचित्राचा आकार टक्क्यांच्या प्रमाणात ठरतो. सत्याण्णव टक्क्यांचा चेहरा माणसाएवढा, ब्याण्णवचा पासपोर्टएवढा, आणि ऐंशीच्या खालचे विद्यार्थी 'आणि इतर गुणवंत' या तीन शब्दांत सामावतात. एकाच मुलीचा चेहरा स्टेशनच्या पूर्वेला एका क्लासच्या आणि पश्चिमेला दुसऱ्या क्लासच्या फ्लेक्सवर दिसला तरी पुलावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला नवल वाटत नाही, कारण तिने गणित एकीकडे आणि विज्ञान दुसरीकडे केलेले असणे शक्य असते. सर्वांत मोठे छायाचित्र अर्थातच क्लासच्या सरांचे असते. त्यांचे टक्के कोठेही छापलेले नसतात.

२०२५ सालच्या दहावीच्या निकालात राज्यातील २११ विद्यार्थ्यांना १०० टक्के गुण मिळाले, आणि त्यांपैकी ११३ एकट्या लातूर विभागातले होते, तर मुंबई विभागातले ८. मुंबई विभागात नुसती उपनगरे नव्हे तर शहर, ठाणे, पालघर आणि रायगडही येतात, त्यामुळे उपनगरांच्या वाट्याला त्या आठांतून किती आले असतील याची कल्पना करता येईल. मेट्रोचे जाळे, वातानुकूलित क्लास आणि दर चौकात एक झेरॉक्सचे दुकान असूनही हे घडावे, याचा पालकांनी लावलेला अर्थ असा की लातूरला मुले मोबाईल पाहत नाहीत. मुलांनी लावलेला अर्थ असा की लातूरला जाण्यायेण्यात दोन तास जात नाहीत. तिसरा अर्थ शेजारच्या आजींनी लावला. त्यांच्या मते १०० टक्के गुण मिळालेल्या मुलाला आयुष्यात पुढे काही करण्यासारखेच राहिले नाही, बिचारा. शंभर टक्के शक्य कसे होतात हेही येथे सांगितले पाहिजे. सहा विषयांपैकी उत्तम गुणांचे पाच विषय धरण्याची 'बेस्ट ऑफ फाइव्ह' ही पद्धत २०१० साली शासनाने आणली, तेव्हा ती उच्च न्यायालयात रद्द झाली आणि सर्वोच्च न्यायालयात वाचली. शिवाय खेळ, शास्त्रीय नृत्य, लोककला यांचे वाढीव गुण मिळतात, आणि चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत अ श्रेणी असल्यास सात, ब असल्यास पाच व क असल्यास तीन. उपनगरातील असंख्य मुलांनी आयुष्यात एकदाच फुलदाणी, दोन वांगी आणि मागे सुरकुतलेला पडदा यांचे वस्तुचित्र काढले आहे. ते का काढले, हे कोणी विचारू नये.

टक्क्यांविषयी विद्यार्थ्यांच्या मनात पालकांपेक्षा कमी आदर आढळतो, आणि त्याला ऐतिहासिक कारणे आहेत. २०१८ साली राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के लागला. पुढच्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांतले शाळेने द्यायचे वीस गुण काढून घेण्यात आले आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. त्यानंतरच्या वर्षी ते गुण परत दिले गेले आणि निकाल ९५.३० टक्के झाला. एका वर्षात महाराष्ट्राची बुद्धी बारा टक्क्यांनी उतरावी आणि पुढच्याच वर्षी अठरा टक्क्यांनी चढावी, हे ज्या मुलांनी आपल्या ताया-दादांच्या बाबतीत पाहिले त्यांना संख्याशास्त्र निराळे शिकवावे लागत नाही. २०२० च्या तुकडीचा भूगोलाचा पेपर २३ मार्चला होता. तो करोनामुळे आधी पुढे ढकलला गेला, मग रद्द झाला आणि त्याचे गुण इतर विषयांच्या सरासरीवरून देण्यात आले, त्यामुळे त्या वर्षी ज्याचे बीजगणित चांगले होते त्याला मान्सूनही चांगला समजला असे अधिकृतपणे मानावे लागते. २०२१ साली तर परीक्षाच झाली नाही आणि निकाल ९९.९५ टक्के लागला. त्या वर्षी अनुत्तीर्ण होऊ शकलेल्या अगदी थोड्या मुलांविषयी त्यांच्या वर्गमित्रांत आजही एक प्रकारचे कुतूहल आहे.

आता या लेखाच्या मुख्य भागाकडे वळता येईल. विद्यार्थ्याचे मत कोणीच विचारत नाही, असे आरंभी म्हटले असले तरी त्याला एक अपवाद आहे, आणि तो मराठीच्या प्रश्नपत्रिकेत सापडतो. हल्ली तिला कृतिपत्रिका म्हणतात. तिच्यात पाठातला एक उतारा देऊन त्यावर दोन-दोन गुणांच्या आकलनाच्या कृती विचारल्या जातात, मग चौकटी पूर्ण करायच्या असतात, आकृतिबंधातल्या बाणांच्या टोकाशी शब्द भरायचे असतात, आणि शेवटी 'स्वमत' नावाची कृती येते. स्वमत म्हणजे स्वतःचे मत. त्याला तीन गुण असतात.

राज्याने पंधरा वर्षांच्या नागरिकाला त्याचे मत विचारावे आणि त्यासाठी गुणही राखून ठेवावेत, ही घटना सामान्य नव्हे. परंतु मताची किंमत ठरली की त्याचा पुरवठाही होऊ लागतो, आणि प्रत्येक पाठाखालच्या प्रत्येक संभाव्य प्रश्नावरचे विद्यार्थ्याचे स्वतःचे मत गाईडमध्ये आयते मिळते. गाईड म्हणजे पाठ्यपुस्तकाचे उत्तरांसह येणारे जाड रूप. 'एकवीस अपेक्षित' हा त्याच जातीचा पण परीक्षेच्या अधिक जवळचा प्रकार, ज्यात येऊ शकणाऱ्या प्रश्नपत्रिकांचे संच असतात. अंधेरीच्या एका शाळेतली चाळीस मुले आणि मुलुंडच्या एका शाळेतली चाळीस मुले एकमेकांना आयुष्यात कधी भेटलेली नसताना, 'पर्यावरणाचे संवर्धन ही केवळ शासनाची नव्हे तर प्रत्येकाची जबाबदारी आहे असे मला वाटते' असे त्याच शब्दांत त्यांना वाटते. तपासणाऱ्या बाईंनाही ते तसेच वाटणे अपेक्षित असते. एखाद्या मुलाने खरोखर विचार करून 'जबाबदारी माझी आहे पण आमच्या गल्लीतले झाड पार्किंगसाठी सोसायटीनेच तोडले' असे लिहिले, तर वाक्य चुकीचे नसल्यामुळे बाई थांबतात, लाल पेन हातात धरून थोडा वेळ विचार करतात, आणि तीनपैकी अडीच देतात. हा अर्धा गुण विचारात घेण्यासारखा आहे. गाईडमधल्या मताला तो कधीच कापला जात नाही.

स्वमतापेक्षाही चमत्कारिक प्रकार उपयोजित लेखनात आढळतो. तेथे आठ गुणांसाठी ज्या पर्यायांतून निवड करायची असते, त्यांत आत्मवृत्त हा सर्वांचा लाडका पर्याय आहे. आत्मवृत्त म्हणजे स्वतःच्या आयुष्याची हकिगत. मात्र शालेय मराठीत ते विद्यार्थ्याने स्वतःचे लिहायचे नसते, ते फाटक्या पुस्तकाचे, पडक्या किल्ल्याचे, वठलेल्या झाडाचे किंवा वर्गातल्या बाकाचे लिहायचे असते. ज्या मुलीला घरी 'तुला काय कळतंय त्यातलं' असे दिवसातून अनेकदा ऐकावे लागते, ती परीक्षेच्या सभागृहात बसून शंभर वर्षांच्या वडाच्या वतीने मानवजातीला दोन पाने सुनावते, आणि ते उत्तम जमते. वडाच्या तोंडून तिला पुष्कळ बोलता येते. माझ्या अंगाखांद्यावर खेळलेली पोरे आता माझ्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. मला कोणी विचारत नाही. माझ्या सावलीची सर्वांना गरज आहे, पण माझी कोणाला नाही. पंधराव्या वर्षी हे सगळे सुचावे कसे, असा प्रश्न परीक्षकांना पडत नाही, कारण वड म्हातारा असतो. पत्रलेखनात तर तिचे नावही तिचे राहत नाही. 'विद्यार्थी प्रतिनिधी या नात्याने रोपवाटिकेच्या व्यवस्थापकांकडे रोपांची मागणी करा' असे सांगितले जाते आणि खाली 'अ. ब. क.' अशी सही करायची असते. या अ. ब. क. ने गेल्या अनेक वर्षांत महाराष्ट्रातील रोपवाटिकांकडे इतकी रोपे मागितली आहेत की ती सगळी मिळाली असती तर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला बोरिवलीच्या स्टेशनापर्यंत यावे लागले असते.

गुण नसलेली मते अन्यत्र जातात. त्यांतील पहिला विषय पाऊस. उपनगरातील विद्यार्थ्याचा हवामानशास्त्राचा व्यासंग पाठ्यपुस्तकातल्या दोन धड्यांच्या पलीकडे गेलेला असतो; रेड अलर्ट आणि ऑरेंज अलर्ट यांतला फरक, भरतीची वेळ, साडेचार मीटरच्या लाटा, सांताक्रूझ आणि कुलाबा या दोन वेधशाळांपैकी कोणत्या आकड्याने सुट्टी मिळण्याची शक्यता जास्त, हे सर्व त्याला पहाटे सहाला अंथरुणातच माहीत असते. सुट्टी जाहीर होतेही, परंतु ती सकाळच्या सत्रातली मुले छत्री मोडून, मोजे पिळून वर्गात पोहोचल्यानंतर, दुपारच्या सत्रासाठी जाहीर होण्याची शक्यता अधिक. अशा दिवशी घरी वडील २६ जुलै २००५ सांगतात. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, रेल्वे बंद पडली आणि वडील ऑफिसमधून चालत घरी आले. मुलगा सातवीत असताना ते दादरहून घाटकोपरला चालत आले होते. तो नववीत गेला तेव्हा ते भायखळ्याहून निघाले होते, आणि बारावीपर्यंत चर्चगेटहून निघतील अशी चिन्हे आहेत. तेव्हा आपण जन्मलोही नव्हतो, एवढे उत्तर मुलाच्या ओठांवर असते, पण पाणी पोटापर्यंत आलेले असताना माणसाला मध्येच थांबवू नये एवढे त्याला समजते.

दुसरा विषय पैसा. पूर्वीच्या पिढीला आईकडून मिळालेल्या नोटेतून उरलेली चिल्लर हे गोपनीयतेचे एकमेव साधन होते. आता विद्यार्थी वडिलांच्या खात्याशी जोडलेल्या मोबाईलवरून कोड स्कॅन करतो, आणि घाटकोपरच्या वल्लभबाग लेनमध्ये, जी खाऊगल्ली म्हणून प्रसिद्ध आहे, दोन डोश्यांचे पैसे गेले की पुढच्या क्षणी वडिलांच्या फोनवर घंटी वाजते. डोसा खाल्ल्याबद्दल वडिलांची तक्रार नसते. दोन का, हा त्यांचा प्रश्न असतो. मुलींच्या बाबतीत पैशाच्या घंटीबरोबर 'लाइव्ह लोकेशन' हेही असते, म्हणजे आईच्या मोबाईलवरील नकाशावर मुलगी एका निळ्या ठिपक्याच्या रूपाने सतत दिसत राहते. वर्सोवा ते घाटकोपर ही मुंबईची पहिली मेट्रो जून २०१४ मध्ये सुरू झाली, ती सव्वाअकरा किलोमीटरहून थोडी अधिक असून तिच्यावर बारा स्थानके आहेत. अंधेरीहून क्लास आटोपून घाटकोपरला परतणारी मुलगी साकीनाक्याला असताना आईने कुकर लावला तर ती दारात येते तेव्हा भात तयार असतो. ठिपका मरोळला थांबला तर फोन येतो. 'अगं, सिग्नल आहे, मेट्रो थांबलीये' हे वाक्य त्यामुळे या मुलींना झोपेतही बोलता येते.

भाषेबद्दल थोडक्यात सांगायचे तर हा विद्यार्थी घरी मराठी, वाण्याकडे गुजराती-मिश्रित हिंदी, मित्रांत हिंदी-मिश्रित मराठी आणि मुलाखतीत इंग्रजी बोलतो, व मोबाईलवर मराठी रोमन लिपीत लिहितो. तो कोणतीच भाषा धड बोलत नाही असे त्याच्याविषयी सांगणारे लोक 'तू अगदी प्रॉपर मराठी बोलत जा' असे त्याला बजावतात.

दहावीचा निकाल लागल्यानंतर अकरावीचा प्रवेश सुरू होतो. २००९ पासून मुंबईत हा प्रवेश ऑनलाइन आहे. २०२५ पासून तो राज्यभर झाला. दहा महाविद्यालयांची पसंती क्रमाने भरायची असते, आणि मग 'कटऑफ', म्हणजे शेवटच्या प्रवेशित विद्यार्थ्याचे टक्के, जाहीर होतात. ब्याण्णव टक्क्यांना ज्या घरी पेढे वाटले गेले होते त्याच घरी पंधरा दिवसांनी 'ब्याण्णवला कुठे काय मिळतंय' असे म्हटले जाते. पेढ्यांचा डबा अद्याप फ्रिजमध्ये असतो. पुढचे चित्र पालकांना वाटते त्यापेक्षा शांत असते. विज्ञान शाखेतील बरीच मुले 'इंटिग्रेटेड' पद्धतीने शिकतात, म्हणजे नाव एका महाविद्यालयात आणि देह जेईई किंवा नीटच्या क्लासमध्ये असतो. महाविद्यालयात कोणी येत नाही हे ध्यानात आल्यावर शासनाने २०१८ साली विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला, आणि विद्यार्थ्याच्या शरीरापैकी निदान अंगठा तरी रोज महाविद्यालयात यावा अशी व्यवस्था झाली.

जी मुले खरोखर जातात त्यांना कट्टा मिळतो. कट्टा म्हणजे प्रवेशद्वाराजवळची बसण्याजोगी भिंत, आणि गुणांवाचून मत मांडण्याची ही या वयातील पहिली अधिकृत जागा. विषयांना मर्यादा नसते. लोकलच्या दारात उभे राहिल्यावर अठ्ठावन्नच्या बोरिवली स्लोपेक्षा दोन मिनिटांनी येणारी विरार फास्ट बोरिवलीकरांना आत का घेत नाही. पुरवणी मागणारी मुलगी हुशार असते की तिचे अक्षर मोठे असते. रिक्षावाला अंधेरी स्टेशनहून जवळच्या ठिकाणी यायला नकार देतो तेव्हा त्याच्या दृष्टीने कोण योग्य. आणि वठलेल्या झाडाचे आत्मवृत्त लिहून मिळवलेल्या आठांपैकी सात गुणांचा पुढे काही उपयोग होतो का. हे प्रश्न दोन वर्षे पुरतात. फक्त डिसेंबरमध्ये काही आठवडे चर्चा थांबते, कारण जर्नल पूर्ण करायचे असते.

जर्नल म्हणजे प्रयोगवही. भौतिकशास्त्राचे जर्नल मागच्या वर्षीच्या कोणाच्या तरी जर्नलवरून उतरवले जाते, आणि ते त्याच्या मागच्या वर्षीच्या कोणाच्या तरी जर्नलवरून उतरवलेले असते. साध्या लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वीय त्वरण ९.८ च्या आसपास येणार हे आधीच ठाऊक असल्यामुळे प्रथम उत्तर लिहिले जाते, मग आकडेमोड मागे मागे नेत आंदोलनांचा काळ काढला जातो, आणि शेवटी दोऱ्याची लांबी ठरते. मूळच्या विद्यार्थ्याने तक्त्याच्या तिसऱ्या ओळीत घाईत केलेली चूक पुढच्या प्रत्येक तुकडीने जशीच्या तशी जपलेली असते, आणि सरांनी तिच्याखाली दर वर्षी लाल शाईने सही केलेली असते. घाटकोपरच्या एका मुलीने एकदा लंबक खरोखर लावून, मोबाईलच्या घड्याळावर आंदोलने मोजून आपला आकडा लिहिला. तो ९.४ आला. सरांनी वही परत केली आणि मैत्रिणीचे जर्नल पाहून नीट करून आणायला सांगितले.